पंगत वाचली, पाठवणी गेली

यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बुटांचं एक खोकं खाली आलं. आत बाबांच्या सीड्या. आमच्या घरात व्हीसीडी, डीव्हीडी असा भेदभाव कधी नव्हता. गोल आणि चकचकीत असली की ती सीडी. निम्म्या पाकिटांवर किंमत छापलेली: २८ रुपये. २००७च्या सुमारास दिल्लीजवळच्या मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हाची ही खरेदी. त्याआधी पिक्चरची अस्सल सीडी विकत घेणं ही आमच्याकडे चैन होती. भाड्याने आणायची आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद व्हायच्या आत परत करायची.

अकरा वर्षांच्या भाचीने एक चकती उचलली, आरशासारखी तोंडासमोर धरली आणि विचारलं, "मामा, ह्याच्यात पिक्चर कुठंय?"

मी तिला चकती खिडकीशी नेऊन तिरकी करायला सांगितली. रंग उमटले. पिक्चर त्या रंगांच्या मुळाशीच असतो. चकतीवर आतून बाहेर जाणारी एकच एक वेटोळी वाट असते आणि त्या वाटेवर सूक्ष्म खड्ड्यांची रांग. सीडीवर शेजारच्या दोन फेऱ्यांत १.६ मायक्रॉन अंतर असतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक फेरे बसतात. इतक्या बारीक रेघोट्यांवर पांढरा उजेड पडला की प्रत्येक रंग वेगळ्या कोनात उसळतो. डीव्हीडीवर हेच अंतर ०.७४ मायक्रॉन, त्यामुळे तिच्यावरचे रंग जास्त फाकलेले दिसतात. दोन्ही शेजारी धरा, फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. डीव्हीडीच्या पुढच्या पिढीची, ब्ल्यू-रेची चकती कुणाकडे मिळाली तर तीही धरून बघा. तिच्यावर समोरून इंद्रधनुष्य जवळपास दिसतच नाही. फार तिरकी केली तर निळसर झाक येते. तिथे दोन फेऱ्यांतलं अंतर ०.३२ मायक्रॉन आहे आणि आपल्याला दिसणाऱ्या सर्वांत आखूड, जांभळ्या लहरीची लांबीसुद्धा ०.४ मायक्रॉनच्या आसपास असते. वाट उजेडाहूनही अरुंद झाली, मग रंग पडणार कुठून?

वाचन लेसरने होतं. खड्ड्याची खोली लेसरच्या लहरीच्या साधारण पाव लांबीइतकी ठेवलेली असते. त्यामुळे खड्ड्यावरून आणि आजूबाजूच्या सपाटीवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि उजेड मंदावतो. उजेड बदलला की १, बदलला नाही तोवर ०. बस, एवढंच. नायिकेचे अश्रू, खलनायकाचं हास्य, सगळं याच हिशेबात.

आणि ओरखडे? आमच्याकडे सीडी अडकली की बाबा फुंकर मारायचे, मग बनियनला गोल गोल पुसायचे. पद्धत चुकीची होती. १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेल्या संकेतपद्धतीमुळे चकतीवरची माहिती काही जादा आकड्यांसह विखरून लिहिता येते. वाटेचा सुमारे अडीच मिलिमीटरचा अख्खा तुकडा नाहीसा झाला तरी सीडी प्लेअर उरलेल्या आकड्यांवरून तो भरून काढतो. आडवा चरा वाट फक्त ओलांडतो, त्याचं फारसं बिघडत नाही. वाटेच्या दिशेने गेलेला चरा मात्र सलग माहिती खातो, आणि गोल पुसण्याने नेमके तसेच चरे पडतात. पुसायचंच तर मधून कडेकडे, सरळ. हे बाबांना आता सांगून उपयोग नाही.

चकतीची पुढची सगळी कहाणी लेसरचा ठिपका लहान करण्याची आहे. ठिपका किती लहान होणार हे दोन गोष्टींवर ठरतं, लहरीची लांबी आणि भिंगाची पकड, म्हणजे ते किती रुंद कोनातला उजेड एकवटतं ते. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा (हजार नॅनोमीटरचा एक मायक्रॉन), डोळ्यांना न दिसणारा. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. ब्ल्यू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, जांभळट निळा. तो निळा मिळवायला जगाला फार वाट पाहावी लागली. त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइड या पदार्थाचे धड स्फटिकच कुणाला जमत नव्हते. जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी ते जमवलं, निळा एलईडी आला, १९९०च्या दशकाच्या मध्यावर नाकामुरांनी त्याच पदार्थाचा लेसरही करून दाखवला. २०१४चं नोबेल या तिघांना निळ्या एलईडीसाठी मिळालं.

आता थोडं गणित. लाल लेसरऐवजी निळा घेतला आणि भिंग जास्त ताकदीचं बसवलं तर ठिपक्याचं क्षेत्रफळ साधारण पाचपट कमी होतं. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात, ब्ल्यू-रेच्या एका थरात २५. पाचपटीचा हिशेब अगदी जवळ येतो. पण इथून पुढे वाट नाही. आणखी आखूड लहर म्हणजे अतिनील, आणि चकती ज्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते ते अतिनील किरण शोषून घेतं, पिवळं पडतं. मग थरावर थर चढवायचे. २०१६ साली आलेल्या ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बिंदूंच्या, ब्ल्यू-रेच्या चकतीत तीन थरांत १०० गिगाबाइट बसतात. त्याच्यापुढची पिक्चरची चकती बाजारात आली नाही.

चकती या भिंतीशी थबकली, तेव्हा चित्र आटवून कमी जागेत बसवण्याचं गणित मात्र पुढे चाललेलं होतं. माझ्या मते चकतीला खरी मात दिली ती इंटरनेटच्या वेगाने नव्हे, या गणिताने.

दोन तास चाळीस मिनिटांचा पिक्चर घ्या, फुल एचडी, सेकंदाला २४ चित्रं. एकेक बिंदू जसाच्या तसा साठवला तर १.४ टेराबाइटहून जास्त जागा लागेल. तोच पिक्चर सेकंदाला ५ मेगाबिट (आठ बिटांचा एक बाइट) या गतीने मोबाइलवर येतो तेव्हा त्याचं एकूण वजन ६ गिगाबाइट भरतं. जवळजवळ २४० पट कपात! याच्या मुळाशी बंगळूरमध्ये जन्मलेले अभियंता नासिर अहमद आहेत. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन हा ठळक-बारीक लहरींची बेरीज समजून लिहायचा, अशी त्यांची कल्पना. डोळ्याला बारीक लहरींची फारशी कदर नसते, त्या निर्धास्त गाळाव्यात. १९७२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे त्यांनी यासाठी निधी मागितला, तो मिळाला नाही. १९७४च्या जानेवारीत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. व्हीसीडी, डीव्हीडी, जेपेग फोटो, आजचं बहुतेक स्ट्रीमिंग, सगळं तिच्यावर किंवा तिच्या सुधारित रूपांवर चालतं.

दुसरी युक्ती साधी आहे. पडद्यावर एका चित्रातून दुसऱ्या चित्रात फार थोडं बदलतं. मागची भिंत तीच असेल तर ती पुन्हा कशाला पाठवायची? "हा चौकोन तिकडे सरकला" एवढंच कळवायचं.

ही युक्ती कुठे फसते ते बघायचं असेल तर जेजुरीच्या गडावरचं एखादं गाणं मोबाइलवर लावा. भंडारा उधळला की प्रत्येक कण आपापल्या दिशेने, आपल्या मर्जीने उडतो. कोण कुठे सरकला हे सांगण्यातच सगळा हिशेब संपतो, आणि दोनेक सेकंद हवेतला भंडारा पिवळ्या चौकोनांचा चिखल होऊन जातो. माणसांचे चेहरेसुद्धा मेणाचे वाटायला लागतात. पाऊस, गुलाल, अंधारातला धूर यांचीही हीच गत. मोठ्या टीव्हीवर चकती आजही सरस दिसते ती इथेच. ४के चकतीवरून सेकंदाला १०० मेगाबिटच्याही वर माहिती येऊ शकते. ४के स्ट्रीमिंगला १५ ते २५ मेगाबिटची जोडणी पुरेशी मानतात. उरलेला भंडारा वाटेत सांडतो.

पण सहा इंचांच्या पडद्यावर हे कोण बघतंय? आणि आपल्याकडे ब्ल्यू-रे रुजली तरी कधी? आपण व्हीसीडीवरून डीव्हीडीवर गेलो आणि तिथून थेट मोबाइलच्या दुकानात. मेमरी कार्ड द्यायचं, काउंटरवरचा मुलगा थोडक्या पैशांत दहा-पंधरा पिक्चर भरून द्यायचा. सगळा चोरीचा माल, हे उघड आहे. पण डाउनलोडचं राज्य आपल्याकडे खरं नांदलं ते याच काळात. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरून घ्यायची गरज संपली. २०१८ साली मोझर बेअर दिवाळखोरीच्या कज्ज्यात बुडाली. पाच अब्जांहून जास्त चकत्या टपालाने घरोघर पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ला अमेरिकेत शेवटची डीव्हीडी रवाना केली.

तेव्हा चकती हरली हे खरं, पण डाउनलोड जिंकलं असंही नाही. आज ॲपमध्ये 'डाउनलोड' दाबल्यावर फोनमध्ये जी फाइल उतरते ती कुलूपबंद असते आणि ते उघडणारी किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येते. काही पिक्चर एकदा सुरू केले की ४८ तासांत मिटतात. पेटी आपल्या घरात, किल्ली त्यांच्या कमरेला. पैसे मोजून 'विकत' घेतलेल्या पिक्चरचंही बऱ्याचदा तेच. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं होतं, की तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस तुमच्या संग्रहातून जातील. ओरड झाली, नवा करार झाला, ते टळलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदाच आहे: मिळतो तो फक्त वापरायचा परवाना, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानाने 'विकत घ्या' असं बटण ठेवायचं नाही.

बाबांच्या खोक्यातली तीन नाटकं मी शोध शोध शोधली. कुठल्याच ॲपवर नाहीत. खोक्यात आहेत.

म्हणून काही जण म्हणतात, चकती ग्रामोफोनच्या तबकडीसारखी परतेल. अमेरिकेत २०२२ मध्ये तबकड्या नगांच्या हिशेबात सीडींपेक्षा जास्त खपल्या, हे खरं आहे. पण मला ही तुलना पटत नाही. तबकडीला एक सुई आणि एक फिरतं चाक पुरतं. हुशार कारागीर ते जुळवून देईल. ४०५ नॅनोमीटरचा लेसर आणि थरथरत्या चकतीबरोबर केसाच्या अंशाअंशाने वरखाली होणारं भिंग गल्लीत घडत नाही. शौकिनांसाठी चकत्या छापणं आणखी बरीच वर्षं परवडेल. त्या वाजवणारी यंत्रं आधी संपतील. सॅमसंगने अमेरिकेसाठी नवे ब्ल्यू-रे प्लेअर काढणं २०१९ मध्येच थांबवलं.

चकतीही अमर नाही. कारखान्यात ठशाने छापलेल्या चकतीत ॲल्युमिनियमचा थर असतो; चिकटवण नीट नसेल तर तो गंजतो. २००६ ते २००८ या काळातल्या आपल्या काही डीव्हीडी वेळेआधी खराब होत असल्याचं वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केलं. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या चकतीची तब्येत त्याहून नाजूक. तिच्यात खड्डे नसतातच. सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसरने त्यावर डाग पाडलेले असतात. ऊन, उष्णता, दमट हवा लागली की रंग विटतो. मराठी घरांतल्या बहुतेक सगळ्या लग्नांच्या सीड्या या जातीच्या आहेत.

खोक्याच्या तळाशी माझ्या बहिणीच्या लग्नाची निघाली. २००९ची, वर मार्करने नावं लिहिलेली. मित्राचा जुना लॅपटॉप आणला, कारण माझ्या लॅपटॉपला चकतीची खाचच नाही. भाची शेजारी बसली. ड्राइव्ह घरघरत राहिला, एकाच जागी दहा-दहा वेळा वाचत राहिला. तीन तासांनी काय हाती लागलं ते पाहिलं. मुहूर्त, मंगलाष्टकं आणि वीस मिनिटांची अखंड पंगत, कोणाच्या पानात किती वेळा जिलबी पडली तेही मोजता येईल. शेवटची फाइल उघडेना. चकती आतून बाहेर लिहिली जाते, आणि रंग विटायला लागतो तो बहुधा कडेपासून. पाठवणी नेमकी कडेला होती.

बहिणीला फोन करून सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "फार रडले होते मी त्यात. जिलबीचं मला पाठव."