लासलगावचा भाव आणि बातमी लिहिणारं यंत्र

नाशिकच्या वृत्तपत्रांतली एक बातमी वर्षानुवर्षं जवळपास सारखीच असते. लासलगावला कांद्याची आवक इतके क्विंटल. भाव किमान इतका, कमाल इतका, सरासरी इतका. आकडे तेवढे बदलतात.

यंत्राचं बातमीलेखन अशाच साचेबंद बातम्यांपासून सुरू झालं, पण अमेरिकेत. मार्च २०१४ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या क्वेकबॉट या प्रोग्रॅमने भूकंपाची बातमी तीन मिनिटांत वाचकांपुढे आणली. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या संगणकावर सोपवल्या आणि तिमाहीला तीनशेच्या आसपास निघणाऱ्या या बातम्या तीन हजारांवर गेल्या. खरं तर हे रिकाम्या जागा भरणंच होतं.

मग कांद्याच्या भावाचं तसं का झालं नाही? माझ्या मते एक मोठं कारण फॉन्ट. कुठल्याही संगणकाला अक्षर ओळखता यावं म्हणून प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. तरी मराठी पानं पुढे कित्येक वर्षं श्रीलिपीसारख्या फॉन्टांतच लागत राहिली. त्यात पडद्यावर ‘कांदा’ दिसतो, पण आत साठतात भलतीच चिन्हं. तालुक्याहून आलेली फाइल उघडावी आणि सगळा मजकूर अगम्य निघावा, हे डेस्कवर बसलेल्या कुणालाही नवं नाही. (त्यावर डीटीपी ऑपरेटरकडे हमखास तोडगा असायचा.) अंक संगणकावर होते, पण यंत्राला ते वाचता येत नव्हते. यंत्र तर मजकुरावरच शिकतं. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आली तीच मे २०१३ मध्ये. वाक्यं जरा बरी व्हायला २०१७ उजाडलं.

पुढे वार्ताहर मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी धाडू लागले आणि युनिकोड आपोआप रुळलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. गाजावाजा झाला तो कृत्रिम निवेदकांचा: जुलै २०२३ मध्ये ओडिशा टीव्हीची लिसा, मे २०२४ मध्ये डीडी किसानचे कृष आणि भूमी. डेस्कवरचा वापर मात्र बिनबोभाट सुरू झाला. लांबलचक प्रेसनोट आटोपशीर करणं, इंग्रजीचं मराठी करणं, मथळे सुचवून घेणं. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने विकसनशील देशांतल्या दोनशेहून अधिक पत्रकारांना विचारलं, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त जण ही साधनं वापरत होते. त्यांच्या वापराबाबत आपल्या संस्थेचं अधिकृत धोरण असल्याचं सांगणारे १३ टक्केच.

कांद्याचा तक्ता यंत्राला खुशाल द्यावा. पण ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. तेव्हा ना आवक होती, ना भाव. लिलाव पुन्हा कधी सुरू होणार, हे व्यापाऱ्यांना फोन लावूनच कळत होतं.