काळा वर्ज्य, असं कोणी सांगितलं?

पोस्टर कलरमधला लेमन यलो ताटलीत घ्या, त्यात काळ्याचा अगदी टिपूस टाका आणि ब्रशने घोळवा. पिवळा थोडा काळवंडेल, फार तर मळेल, असं वाटतं. प्रत्यक्षात ताटलीत चक्क शेवाळी हिरवा उतरतो. आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात एका मुलीने हे करून बघितलं आणि सरांना विचारलं, "सर, निळा घातलाच नाही, मग हिरवा आला कुठून?" सरांचा नियम पक्का: पॅलेटवर काळा ठेवायचाच नाही, काळ्याने चित्र मरतं. त्यांनी प्रश्न माझ्याकडे ढकलला. "हे तुमचं खातं, केमिस्ट्रीवाले. बोला आता."

खातं तसं केमिस्ट्रीचं थोडंच आणि डोळ्याचं जास्त आहे. पिवळं रंगद्रव्य प्रकाशातला निळा-जांभळा भाग गिळतं आणि लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा परत पाठवतं. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. त्यातल्या लांब आणि मध्यम तरंगलांबीच्या पेशी साधारण सारख्या चेतल्या आणि तिसरी गप्प राहिली, की मेंदू म्हणतो पिवळा. त्यात काळा घातला की सगळाच प्रकाश कमी होतो. पण अंधारलेल्या पिवळ्याला आपण पिवळा मानतच नाही, तो आपल्याला हिरवट दिसतो. पटत नसेल तर कॉम्प्युटरवर बघा. पडद्यावर लाल 255, म्हणजे पूर्ण, हिरवाही 255, निळा शून्य म्हणजे झगझगीत पिवळा. तेच प्रमाण ठेवून आकडे 128, 128, शून्य करा. वेबच्या रंगांच्या यादीत या रंगाचं नावच ऑलिव्ह आहे. निळ्याचा कणही नाही, लाल-हिरव्याचं प्रमाणही हललेलं नाही. तपकिरीची गोष्ट अशीच. इंद्रधनुष्यात तपकिरी पट्टा नसतो, कारण तपकिरी म्हणजे आजूबाजूच्या उजेडापेक्षा मंद असलेला नारिंगी.

शिवाय कार्बनचे काळे रंग स्वतः थोडे निळसर झुकतात. काजळीचा काळा पांढऱ्यात मिसळला तर मिळणारी राखाडी थंड, निळसर दिसते. स्वीडनचे अँडर्स झोर्न (1860–1920) यांनी यावर आपली कारागिरीच उभी केली. पांढरा, पिवळी माती, शेंदरी लाल आणि काळा, एवढ्या चार रंगांत त्यांनी कितीतरी व्यक्तिचित्रं केली. निळ्याची जागा काळ्याने भरून काढली. शेजारी ऊबदार माती-शेंदरी असल्यामुळे ती राखाडी आणखीच निळी वाटते.

मग काळा वर्ज्य हा नियम आला कुठून? तो पॅरिसचा आहे, 1870 च्या सुमाराचा, आणि मुख्य म्हणजे उघड्यावरचा. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड यांनी पिळता येणाऱ्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. रंग घेऊन बाहेर जाणं त्यामुळे सोपं झालं, आणि बाहेर गेलेल्या चित्रकारांना दिसलं की सावली काळी नसतेच. भर दुपारी सुरसागर तलावाच्या काठी पांढऱ्या भिंतीवर पडलेली सावली बघा. तिथे सूर्य पोचत नाही, पण आकाश पोचतं. हवेचे रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. 450 नॅनोमीटरचा निळा हा 700 नॅनोमीटरच्या लालपेक्षा साधारण सहापट विखुरला जातो. म्हणून आकाश निळं, आणि त्या आकाशाच्या उजेडात उभी असलेली सावलीही निळसर. खालची जमीन तांबडी असली तर सावलीच्या तळाशी तांबूस झाकही येते. त्या चित्रकारांनी काळा फेकून दिला तो डोळे उघडे ठेवून. घोटाळा पुढे झाला. बंद खोलीत, एका बल्बखाली ठेवलेल्या तांब्याची सावली काढणाऱ्या पोरांनाही आपण तोच नियम सांगत राहिलो. त्या खोलीत आकाश कुठून येणार?

सावलीच्या रंगाचं आणखी एक प्रकरण घरीच बघता येतं, आणि मला ते सगळ्यांत आवडतं. दिवेलागणीला, खिडकीतून थोडा उजेड येत असताना, खोलीत पिवळसर बल्ब लावा. पांढऱ्या कागदावर पेन्सिल अशी उभी धरा की खिडकीची एक आणि बल्बची एक, अशा दोन सावल्या पडतील. एक नारिंगी-पिवळी दिसेल, दुसरी स्वच्छ निळी. आता वर्तमानपत्राची बारीक नळी करा, एक डोळा मिटा आणि नळीतून फक्त निळी सावली बघा, बाकी कागद दिसता कामा नये. निळा जवळजवळ विरून जातो, करडं काहीतरी उरतं. शास्त्रज्ञ काउंट रमफर्ड यांनी 1794 मध्ये रंगीत सावल्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला तो अशाच नळीच्या प्रयोगावर. त्या सावलीतला बराचसा निळा कागदावर नसतोच, शेजारच्या पिवळ्या उजेडाशी तुलना करून मेंदू तो रचतो. म्हणजे सावलीत निळा भरा हा नियम एकाच वेळी आकाशाचाही आहे आणि मेंदूचाही, आणि आपण यातलं काय रंगवतोय हे चित्रकाराला ठाऊक असलेलं बरं.

आता सगळ्यांच्या वहीत असलेला नियम घेऊ: लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, बाकी सगळे यांच्यापासून. छपाईत हा विचार याकोब ल ब्लाँ यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आणला. नियम निम्मा चालतो. पिवळा अधिक निळा हिरवा देतो, कारण पिवळा निळ्याला गिळतो, निळा लालला गिळतो, आणि दोघांनीही न गिळलेला हिरवा तेवढा सुटतो. लाल अधिक निळा म्हणजे मात्र जांभळा, असं शाळेत सांगतात आणि पोरांच्या ताटलीत दरवेळी चिखल येतो. पोरं स्वतःला दोष देतात. पोरांचा हात उगाच बदनाम. शेंदरी जातीचा लाल निळ्याला गिळतो, निळा लालला गिळतो, मग सुटायला उरतं काय? गुलाबीकडे झुकणारा क्रिमसन घेतला तर थोडा निळा वाचतो आणि बरा जांभळा मिळतो.

गंमत अशी की आपल्याकडची जुनी नोंद इथे शाळेच्या पुस्तकापेक्षा प्रामाणिक निघते. नाट्यशास्त्रात नटाच्या रंगभूषेसाठी पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा हे चार मूळ रंग धरले आहेत आणि मिश्रणंही दिली आहेत. पिवळा-निळा मिळून हरित, पांढरा-तांबडा मिळून पद्म. आणि निळा-तांबडा मिळून काषाय, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्राचा तो मळकट तांबूस. लिहिणाऱ्याने ताटलीत जे दिसलं ते लिहिलं, असं मला तरी वाटतं.

रंगद्रव्यांचे खरे उपयोगी मूळ रंग बघायचे तर रावपुऱ्यातल्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे जा. मशीनच्या टाक्यांत सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा असतात. यातला प्रत्येक रंग प्रकाशातला एकेकच तिसरा हिस्सा गिळतो, म्हणून मिश्रणात बरंच काही वाचतं. तेही सगळे रंग देत नाहीत, कारण कुठलीच तीन रंगद्रव्यं जगातले सगळे रंग देऊ शकत नाहीत. आणि प्रकाशच एकमेकांत मिसळला तर हिशेब उलटा होतो. 1852 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दाखवलं की पिवळा आणि जांभळट निळा प्रकाश एकत्र आले तर हिरवा नव्हे, पांढरा मिळतो.

हा फरक कॅनव्हासवर फार मोलाचा ठरतो. नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे इंदूरचे, जन्म 1910 चा, शिक्षण तिथे देवळालीकर मास्तरांकडे. 1950 मध्ये ते बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकवायला आले आणि इथल्या एका पिढीला त्यांनी घडवलं. उत्तरायुष्यात त्यांनी शुद्ध रंगांच्या ठिपक्यांनी चित्रं केली. ठिपके शेजारी शेजारी असले की रंगद्रव्यं एकमेकांचं काही गिळत नाहीत. दुरून पाहताना डोळ्यात त्यांच्या प्रकाशाची सरासरी होते. त्यामुळे पिवळे आणि निळे ठिपके दाट भरले तर दुरून हिरवळ दिसत नाही, राखाडी दिसते. ताटलीतला नियम ठिपक्यांना लावला तर चित्र फसतं.

नियम मोडल्याच्या गोष्टीही जरा तपासून घ्याव्या लागतात. इंग्लंडच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांनी सांगितलं होतं की चित्राच्या प्रकाशित भागात ऊबदार रंगच मुख्य हवेत, निळा-करडा फक्त त्यांना आधार द्यायला. त्यांना खोटं पाडायला गेन्सबरो यांनी निळ्या पोशाखातल्या मुलाचं ते प्रसिद्ध चित्र, ब्लू बॉय, केलं, असा किस्सा कलेच्या वर्गात अजून रंगवून सांगतात. किस्सा झकास आहे, फक्त तारखा आड येतात. चित्र प्रदर्शनात लागलं 1770 मध्ये, आणि रेनॉल्ड्स यांचं ते व्याख्यान 1778 चं.

त्याच घरातला दुसरा नियम, लाल पुढे येतो आणि निळा मागे जातो. यात तथ्य आहे, पण सगळ्यांसाठी नाही. डोळ्याचं भिंग निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वाकवतं, आणि बाहुली नेमकी भिंगाच्या अक्षावर नसल्याने दोन्ही डोळ्यांत लाल-निळ्याच्या प्रतिमा किंचित सरकतात. मेंदू या सरकण्याचा अर्थ खोली असा लावतो. हे विलेम आइन्टहोवन यांनी 1885 मध्ये मांडलं, ज्यांना पुढे हृदयाच्या आलेखासाठी नोबेल मिळालं तेच हे. काळ्या कागदावर भडक लाल आणि भडक निळ्या पट्ट्या चिकटवा. बहुतेकांना लाल पुढे दिसतो, काहींना चक्क निळा. एक डोळा मिटला की दोन्ही पट्ट्या सपाट. पांढऱ्या कागदावर पुष्कळांच्या बाबतीत क्रम उलटतो. वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा लाल की निळा यावरून चांगलीच हमरीतुमरी झाली, आणि दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

इतकं सगळं ऐकून एखाद्याला वाटेल की नियम म्हणजे सगळी हवाच. तर तेलरंगाचा हा एक नियम मोडून दाखवा: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. राजा रविवर्मा यांना तेलरंग रीतसर कोणी शिकवला नाही. त्रावणकोरच्या दरबारात 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा परदेशी चित्रकार आला, तोही शिकवायला तयार नव्हता, फक्त काम करताना बघू दिलं. बघून बघून शिकलेल्या या माणसाची चित्रं आज इथे फत्तेसिंह म्युझियममध्ये समोर उभं राहून बघता येतात.

तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यात जवसाचं तेल असतं, ज्याची आपण चटणी करतो तेच जवस. त्यातलं निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तेलाचे रेणू एकमेकांना जखडून जाळं तयार होतं. त्यामुळे सुरुवातीला थराचं वजन कमी न होता वाढतं. सरकीच्या तेलाच्या, इथल्या भाषेत कपासियाच्या, डब्याच्या तोंडाशी जो चिकट पिवळा थर धरतो तो याच जातीचा, फक्त सावकाश होणारा. शेंगदाणा तेलात हे जवळपास होतच नाही, म्हणून त्यात रंग खलून चालत नाही. आता खाली तेलकट थर दिला आणि वर टर्पेंटाइन घातलेला रोडका, तर वरचा आधी कडक होतो आणि खालचा वर्षानुवर्षं हलत राहतो. वरच्या कडक पापुद्र्याला मग तडे जाण्यावाचून गत्यंतर नसतं. रेनॉल्ड्स यांना रंगांचे नियम सांगायचा भारी हुरूप, पण स्वतःच्या चित्रांत त्यांनी मेण, डांबर आणि उडणारा किरमिजी असं काय काय वापरलं. त्यांनी काढलेले चेहरे त्यांच्या हयातीतच फिके पडू लागले होते.

पण हा नियमही तेलापुरताच. 1950 च्या दशकात बाजारात आलेले पाण्यातले ॲक्रिलिक रंग वाळतात ते पाणी उडून आणि प्लास्टिकचे कण एकमेकांना चिकटून. तिथे कमी-जास्त तेलाच्या थरांचा हिशेब लागू नाही. ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही.

आणि घरात कोणाचं जुनं तेलचित्र कपाटामागे अंधारात उभं करून ठेवलं असेल, तर ते पिवळं पडलेलं सापडेल. जवसाचं तेल अंधारात पिवळतं आणि उजेडात पुष्कळसं परत निवळतं. चित्रकार रुबेन्स यांनी 1629 मध्येच पत्रातून आपलं पिवळलेलं चित्र उन्हात ठेवायला सांगितलं होतं. बडोद्याच्या मे महिन्यातलं ऊन मात्र त्यासाठी नको, खिडकीशेजारचा उजेड पुरतो.