गळ्यातला बिल्ला आणि कातडीखालची चिप

अमेरिकेत काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेल्टरमधून, बेवारस प्राण्यांच्या आसऱ्यातून, कुत्रा घरी आणला की एक प्रश्न हमखास येतो: ‘त्यांनी चिप बसवून दिलीय, मग पुन्हा लायसन्स कशाला?’ त्याचाच जुळा भाऊ म्हणजे ‘लायसन्स काढलंय, म्हणजे हरवला तर सापडेलच.’ दोन्ही चूक, पण दुसरी चूक जास्त महागात पडते.

लायसन्सबद्दल फार सांगायला नको. पुण्या-मुंबईत महापालिकेचा परवाना असतो, तसंच हे. सरकारदरबारी नोंद, फी, गळ्यात बिल्ला, मुदत संपली की नूतनीकरण. कॅलिफोर्नियात चार महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला ते लागतं, रेबीजची लस टोचल्याशिवाय मिळत नाही आणि नसबंदी झालेली असेल तर फी निम्मी किंवा त्याहून कमी पडते. न्यू जर्सीत वयाची अट सात महिन्यांची, आणि तिथे लायसन्स काउंटी देत नाही, तुमची टाउनशिप, म्हणजे गावची नगरपालिका, देते. म्हणजे कुत्रा काउंटीकडून आणला असला तरी तिथल्या एडिसन गावात राहणाऱ्याला लायसन्ससाठी एडिसनच्याच ऑफिसात जायचंय. व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, लस टोचल्यावर दिलेला बिल्ला रेबीजचा असतो, लायसन्सचा नव्हे. तो अडकवून निर्धास्त फिरणारे पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

गोंधळात भर घातली ती टेक्सासमधल्या डॅलसने. त्या शहराने २०१७ मध्ये बिल्ल्याची नोंदणी बंद करून चिप सक्तीची केली. त्यामुळे तिथला मावसभाऊ ‘चिप पुरते रे’ म्हणतो ते त्याच्यापुरतं खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये ते चालत नाही.

आता चिप. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने सोडलेली. तिच्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. स्कॅनर जवळ नेला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि एक नंबर सांगते. बस्स, नंबर. तुमचं नाव, फोन, पत्ता यातलं एक अक्षरही चिपमध्ये नसतं. ते असतं एखाद्या नोंदणी कंपनीकडे, आणि अमेरिकेत अशा कंपन्या अनेक आहेत, देशभराचं एकच सरकारी रजिस्टर नाही. घोटाळा होतो तो इथेच. चिप बसवणं हे एक काम आणि तो नंबर तुमच्या नावावर लावणं हे दुसरं. २०२१ पासून कॅलिफोर्नियातल्या शेल्टरना चिप नसलेला कुत्रा सहसा दत्तक देता येत नाही, त्यामुळे पहिलं काम बहुतेक वेळा झालेलं असतं. दुसरंही झालंय असं आपण धरून चालतो.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३ शेल्टरमधल्या चिप असलेल्या प्राण्यांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांचे मालक सापडलेच नाहीत, त्यांच्यात सगळ्यात मोठं कारण, सुमारे ३५ टक्के, चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. चिपा ठणठणीत होत्या. दरम्यान घड्याळ चालूच असतं: कॅलिफोर्नियात बेवारस आलेला कुत्रा शेल्टरने साधारण चार ते सहा कामकाजाचे दिवस राखून ठेवायचा असतो. तेवढ्यात मालक लागला नाही, तर तुमचा कुत्रा कायदेशीरपणे दुसऱ्याच्या घरी जाऊ शकतो.

म्हणून शेल्टरच्या काउंटरवरच तीन गोष्टी विचारा: नंबर काय, कुठल्या कंपनीकडे नोंद आहे, आणि कोणाच्या नावावर. चिपच्या नंबराचं बारकोड स्टिकर मिळालं तर दत्तकपत्राला चिकटवून फोटो काढून ठेवा. आठवड्याभराने अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या चिप शोधण्याच्या पानावर नंबर टाकून पाहा. तिथे मालकाचं नाव दिसत नाही, नोंद कोणत्या कंपनीकडे आहे ते दिसतं. मग त्या कंपनीला फोन करून नाव तपासा. शेल्टरचं किंवा आधीच्या मालकाचं निघालं तर दत्तकपत्राची प्रत पाठवून बदलून घ्या. कंपनी वार्षिक फी मागत असेल, तर ती मूळ नोंदीची की जादा सेवांची, हे आधी विचारा. २०२५ च्या सुरुवातीला टेक्सासमधली अशी एक कंपनी अचानक बंद पडली आणि तिच्याकडच्या नोंदी निरुपयोगी झाल्या, त्यामुळे ही तपासणी वर्षातून एकदा तरी करावीच. ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आधी केलेली बरी, त्या रात्रीच्या फटाक्यांनी कुत्रे कुंपण ओलांडून पळतात.

दुसरा संपर्क क्रमांक नवऱ्याचा किंवा बायकोचा देऊ नका. डिसेंबरात दोघं मिळूनच भारतात जाता आणि दोन्ही अमेरिकन नंबर बंद असतात. कुत्रा ज्यांच्याकडे ठेवता त्यांचा द्या. दरवर्षी व्हेटकडे गेलात की स्कॅनर फिरवायला सांगा, आणि खांद्यांवरच नको, पायांपर्यंत. चिप घसरते.

कुत्र्याला पुण्याला नेऊन परत आणायचा विचार असेल तर मात्र चिपचं पारडं लायसन्सहून कितीतरी जड. रेबीजच्या बाबतीत अमेरिका भारताला जास्त धोक्याचा देश मानते. १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमानुसार परत येताना चिप स्कॅनरवर वाचता आली पाहिजे आणि ती रेबीजच्या लशीच्या आधी बसवलेली असली पाहिजे. लस आधी आणि चिप नंतर असेल तर ती लस धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. अमेरिकेत दिलेल्या लशीचा दाखला निघण्याआधीच मान्यताप्राप्त व्हेटकडून भरून अमेरिकेच्या कृषी खात्याचा शिक्का घ्यावा लागतो, मुंबई विमानतळावर पोहोचल्यावर तो मिळत नाही. जुन्या चिपांचे नंबर नऊ-दहा आकडीही असतात, त्या सगळ्या स्कॅनरवर वाचता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा नंबर पंधरा आकडी असतो. शेल्टरच्या कागदावर चिपची तारीख आणि लशीची तारीख शेजारी शेजारी असते, ती आजच काढून बघा.