स्प्रॉकेटच्या पुढची गोष्ट: किट कारमध्ये मोटरसायकलचं इंजिन कसं आलं

यामाहा आर१ या मोटरसायकलचं इंजिन किट कारमध्ये, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जुळवलेल्या गाडीत, बसवायला घेतलं की ताकदीची चिंता नसते. ९९८ सीसी, १५० अश्वशक्ती, शिवाय क्लच आणि सहा गिअरचा गिअरबॉक्स त्याच केसिंगमध्ये. खरी अडचण असते डाव्या बाजूच्या एका छोट्या स्प्रॉकेटची, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चक्राची. सगळी ताकद तिथून बाहेर पडते, आणि तिथे चेन लागणार हे धरूनच ते इंजिन घडवलेलं असतं. शंभरहून अधिक वर्षं लोक मोटरसायकलची इंजिनं गाड्यांमध्ये बसवत आले आहेत, आणि प्रत्येक पिढीचं कौशल्य या स्प्रॉकेटच्या पुढेच पणाला लागलं आहे.

इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९१० साली आपली तीनचाकी लोकांसमोर आणली, तेव्हा त्यांनी शाफ्ट (फिरता दांडा) आणि चेन हे दोन्ही मार्ग एकत्र वापरले होते. पुढे जॅप या ब्रिटिश कंपनीचं इंजिन, तिथून नळीतून मागे जाणारा शाफ्ट, बेव्हल गिअरची पेटी आणि तिथून एकाच मागच्या चाकाकडे दोन वेगळ्या रेशोच्या दोन चेन. जी चेन गुंतवाल तो गिअर. रिव्हर्स नाही. एकच चाक चालवायचं असल्यामुळे डिफरन्शियलचाही (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचा) प्रश्न नव्हता.

१९४६ मध्ये लंडनजवळच्या सर्बिटनला चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी जे केलं ते पुढे सगळ्या मोटार रेसिंगला वळण देणारं ठरलं. फियाट टोपोलिनोचे पुढचे दोन भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि ५०० सीसीचं एक सिलिंडरचं जॅप इंजिन चालकाच्या मागे बसवलं. कारण अगदी साधं होतं: चेन आखूड हवी, म्हणजे इंजिन चालवायच्या चाकांजवळच हवं. १९५० मध्ये ५०० सीसीच्या या वर्गाला आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला ३ चा दर्जा मिळाला. पुढे नॉर्टन मँक्स या रेसिंग मोटरसायकलचं इंजिन सरस ठरलं, पण सुटं इंजिन सहजी मिळत नसे. मग अख्खी मोटरसायकल विकत घ्यायची, इंजिन काढायचं आणि फ्रेम विकून टाकायची. उरलेल्या अशा काही फ्रेममध्ये ट्रायम्फची इंजिनं बसली आणि त्या ‘ट्रायटन’ म्हणून नावाजल्या. १९५८ च्या अर्जेंटिना ग्रांप्रीत स्टर्लिंग मॉस यांनी मागे इंजिन असलेल्या कूपरवर विजय मिळवला. त्या मांडणीचं मूळ चेनच्या लांबीत आहे, हे विसरलं जातं.

१९५६ च्या बर्कली या छोट्या ब्रिटिश गाडीने ३२२ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर चेनने पुढची चाकं फिरवून पाहिली, पण तिची कंपनी १९६० पर्यंतच टिकली. त्यानंतर किट कारचं जग लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या स्पोर्ट्स गाडीच्या वाटेने गेलं: पुढे फोर्डचं इंजिन, फोर्डचाच गिअरबॉक्स, मागे फोर्डचा अॅक्सल. १९६९ ची होंडा सीबी७५० चार सिलिंडरची होती खरी, पण तिच्या ६७ अश्वशक्तीसाठी एवढा खटाटोप परवडणारा नव्हता.

चित्र पालटलं ते १९९० च्या दशकात. १९९२ ची होंडा फायरब्लेड ८९३ सीसीमध्ये १२० हून अधिक अश्वशक्ती देत होती. पडलेल्या सुपरबाइकची फ्रेम आणि फेअरिंग गेली की ती विम्याच्या हिशेबात भंगार ठरे, इंजिन मात्र धडधाकट असे. त्याच सुमारास १९९३ मध्ये फोर्ड सिएराचं उत्पादन थांबलं आणि ज्यांचे भाग किट कारमध्ये जात त्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वस्त गाड्या आटत गेल्या. सिएराचे डिफ (डिफरन्शियल) मात्र भंगारात मुबलक होते.

१९९८ च्या आर१ ने आणखी एक अडथळा दूर केला. तिच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट एकामागे एक न ठेवता वर-खाली रचले होते, त्यामुळे इंजिन पुढून मागे आखूड झालं. सेव्हनच्या धाटणीच्या गाडीत इंजिन ९० अंशात वळवून बसवतात, म्हणजे बाइकची लांबी ती गाडीतली रुंदी. चासीच्या दोन नळ्यांमध्ये हे इंजिन मावतं ते त्यामुळेच.

इंजिन असं वळवलं की स्प्रॉकेट मागे येतं, एक्झॉस्ट डावीकडे जातो आणि क्लच पुढे. आणि इथे नशिबाने साथ दिली आहे: स्प्रॉकेट मागून पाहताना घड्याळाच्या उलट फिरतं, आणि फोर्डच्या डिफला नेमकी तीच दिशा हवी असते. स्प्रॉकेट काढून त्याच्या शाफ्टवरच्या दात्यांवर अॅडॉप्टर फ्लँज (जोडचकती) चढवायचा आणि त्याला प्रॉप शाफ्ट, म्हणजे मागच्या डिफपर्यंत जाणारा दांडा, जोडायचा. गिअरबॉक्स इंजिनातच असल्यामुळे शाफ्ट लांब होतो. अखंड ठेवला तर वेगात लवतो आणि थरथरतो, म्हणून तो दोन तुकड्यांचा करून मध्ये बेअरिंग देतात. सरकत्या जोडाला काही मिलिमीटर मोकळीक ठेवावीच लागते. नाहीतर शाफ्ट आउटपुट बेअरिंगला पुढे रेटतो, आणि ते बेअरिंग चेनची आडवी ओढ सोसण्यासाठी बनवलेलं असतं, असा रेटा सोसण्यासाठी नाही.

डिफचा रेशो आकडे मांडूनच ठरवावा. प्रायमरी रिडक्शन (क्रँक आणि क्लचमधली गती कमी करणारी गिअरजोडी) १.५८ आणि सहावा गिअर १.०५ धरला, तर ११,००० आरपीएमला प्रॉप शाफ्ट साधारण ६,६०० ने फिरतो. चाकाचा परीघ १.७२ मीटर असेल तर ३.६२ च्या डिफने ताशी सुमारे १९० किलोमीटर मिळतात, ३.१४ च्या डिफने सुमारे २१८. पण ३.१४ लावला की पहिला गिअर लांब होतो आणि गाडी उचलताना क्लच घसरतो. तो क्लच दोनेकशे किलोच्या बाइकसाठी आहे, म्हणून कडक स्प्रिंग घालावेच लागतात.

सगळ्यात जास्त इंजिनं मात्र तेलाने मारली. बाइक वळणात झुकते, त्यामुळे सम्पमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाला आपण सरळच उभे आहोत असं वाटतं. गाडी सपाट राहते. १ जी च्या (गुरुत्वाकर्षणाइतक्या आडव्या जोराच्या) वळणात तेलाची पातळी ४५ अंशात कलते, पिकअप, म्हणजे तेल शोषणारी नळी, उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. दाबाचा दिवा क्षणभर लुकलुकतो. चालकाचं लक्ष वळणाकडे असतं. १०,००० आरपीएमला बिग-एंडच्या (कनेक्टिंग रॉड आणि क्रँकच्या जोडावरच्या) बेअरिंगला तेवढा क्षण पुरतो: आधी ते चिकटतं, मग कनेक्टिंग रॉड तुटून केसिंगमधून बाहेर येतो.

पहिला उपाय म्हणजे सम्पमध्ये पिकअपभोवती बॅफल प्लेट (तेल अडवणारा पत्रा), आत उघडणाऱ्या आणि बाहेर न उघडणाऱ्या झडपांसह. अनेक जण खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त तेल भरतात. त्याहून जास्त भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून (हवा सोडणाऱ्या नळीतून) तेल बाहेर पडतं, तेव्हा ते झेलणारा कॅच टँक हवाच. जमिनीपासून अंतर मिळावं म्हणून सम्प कापून उथळ केला, तर पिकअपही तेवढाच आखूड करायचा. तळाला टेकला तर तेल बंद, फार वर राहिला तर पुन्हा हवा. खाचा नसलेले, जास्त पकड देणारे स्लिक टायर लावणार असाल तर थेट ड्राय सम्पकडे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवण्याकडे, जावं. तिथे काटकसर केली की पुढचं इंजिन शोधावं लागतं.

बाइकला रिव्हर्स नसतो, पण ब्रिटनच्या नियमांनुसार ४१० किलोहून जड गाडीला तो लागतो. काहींनी प्रॉप शाफ्टवर दातेरी चक्र बसवून ते स्टार्टर मोटरने फिरवलं, काहींनी मध्ये रिव्हर्सची वेगळी पेटी घातली. पेटी भरवशाची असते, पण वजन वाढवते.

१९९७ मध्ये मिक हाइड आणि फिल अॅबट यांनी स्थापन केलेल्या रॅडिकल या रेसिंग गाड्यांच्या कंपनीने इंजिन पुन्हा चालकाच्या मागे नेलं. पुढे त्यांच्या एसआर८ साठी सुझुकी हायाबुसाच्या इंजिनावर बेतलेलं व्ही८ घडवलं गेलं. २००९ मध्ये त्या मालिकेतल्या गाडीने नुर्बुर्गरिंगची जुनी लांब फेरी ६ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली.

२००० च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि कामाचा मोठा भाग वायरिंगकडे सरकला. साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, इमोबिलायझर या सगळ्यांची उत्तरं ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) मिळावी लागतात, म्हणून किल्ली, ईसीयू आणि पूर्ण हार्नेस (तारांचा जुडगा) एकाच बाइकचे घ्यावेत. बाइक पडल्याचं ओळखणारा सेन्सर बाइकवर होता तसाच उभा बसवायचा. तो आडवा बांधला की स्टार्टर फिरत राहतो, पण इंजिन काही पेटत नाही, आणि लोक दोन दोन दिवस इंधनाचा पंप तपासत बसतात.