१ कोटी ४३ लाख पासवर्डांची यादी

डिसेंबर २००९मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीचा डेटाबेस चोरीला गेला. मायस्पेस, फेसबुक यांवर चालणारी छोटी ॲप्स ही कंपनी बनवायची. तिच्याकडे ३ कोटी २० लाखांहून अधिक खात्यांचे पासवर्ड होते आणि ते सगळे जसेच्या तसे, कुणालाही वाचता येतील असे साठवलेले होते. चोराला काही फोडावंच लागलं नाही. त्यातले दुबार आलेले पासवर्ड वगळले तर साधारण १ कोटी ४३ लाख उरतात. तीच यादी आज सुरक्षातज्ज्ञ वापरतात त्या काली लिनक्स या संगणक प्रणालीत आयती मिळते. त्या चोरीत सर्वाधिक वेळा सापडलेला पासवर्ड होता १२३४५६. तो २ लाख ९० हजारांहून जास्त खात्यांना लावलेला होता.

ही यादी इतकी मोलाची का ठरली? कारण माणसं पासवर्ड कसा सुचवून घेतात, याची ती अस्सल नोंद आहे. मुलांची नावं, प्रेमाचे शब्द, फुटबॉल संघ, जन्मसालं, कीबोर्डवरच्या सरळ रांगा, सगळं तिच्यात आहे. रोमन लिपीत लिहिलेले आपले गणेश आणि कृष्णाही आहेत.

पासवर्ड फोडणारा लॉगिनच्या पानावर बसून एकेक शब्द टाकून बघतो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. पण तिथे थोड्याच चुका झाल्या की खातं अडतं. खरं काम चालतं ते चोरलेल्या डेटाबेसवर, फोडणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर, कुणाचीही आडकाठी नसताना. जबाबदार सेवा पासवर्ड साठवत नाहीत. त्यावर एक गणिती क्रिया करून मिळणारा 'हॅश' साठवतात. गव्हाचं पीठ होतं, पण पिठाचा पुन्हा गहू होत नाही, तसंच हॅशवरून पासवर्ड परत मिळत नाही. म्हणून फोडणारा उलटं जातच नाही. तो यादीतला एक शब्द घेतो, तोच दळतो आणि चोरलेल्या पिठाशी ताडून पाहतो. जुळलं की पासवर्ड हाती. हॅशकॅट आणि जॉन द रिपर ही साधनं एवढंच करतात, पण अफाट वेगाने.

शिवाय ती यादीवर नियम चालवतात. पहिलं अक्षर मोठं कर, ए-च्या जागी @ घाल, शेवटी १२३ जोड, चालू वर्ष जोड, शब्द उलटा लिही. एकेका शब्दापासून अशी हजारो रूपं तयार होतात. 'Ganesh@123' हा पासवर्ड अनेक फॉर्मांच्या सगळ्या अटी पुऱ्या करतो: मोठं अक्षर आहे, चिन्ह आहे, अंकही आहेत. पण फोडणाऱ्यासाठी तो यादीतला एक शब्द आणि दोन नेहमीचे नियम, बस. मला या अटींचा राग येतो तो यामुळेच. लोक त्या प्रामाणिकपणे पाळतात आणि आपण सुरक्षित झालो असं समजतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७मध्ये ही चिन्हांची सक्ती आणि ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावणं, दोन्ही सोडून लांबीवर भर द्यायला सांगितलं.

वेगाचा अंदाज घ्या. आरटीएक्स ४०९० हे गेम खेळण्यासाठी विकलं जाणारं ग्राफिक्स कार्ड एमडी५ या जुन्या पद्धतीचे सेकंदाला सुमारे १६ हजार ४०० कोटी हॅश काढतं. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सगळ्या जुळण्या तपासायला त्याला दीड सेकंदही लागत नाही. मोठी अक्षरं, अंक, चिन्हं सगळं मिसळलं तरी आठ अक्षरांचा खेळ अकरा-बारा तासांत आटोपतो. १९९९मध्ये आलेली बीक्रिप्ट ही पद्धत मुद्दाम संथ ठेवलेली आहे. तिच्या सौम्य मांडणीतसुद्धा हेच कार्ड सेकंदाला १ लाख ८४ हजारांवर अडकतं. मग त्याच आठ अक्षरांना हजारावर वर्षं लागतील. पण पासवर्ड रॉकयूच्या यादीतला असेल तर? अख्खी यादी त्या गतीनेही दीड मिनिटाच्या आत तपासून होते. सेवेने कितीही चांगली पद्धत वापरली, तरी यादीत असलेला शब्द ती फार काळ वाचवू शकत नाही.

युनिक्स या संगणक प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९७९मध्ये रॉबर्ट मॉरिस यांच्यासोबत एक शोधनिबंध लिहिला. ३,२८९ पासवर्ड गोळा करून पाहिले, तर ८६ टक्के एक तर फार तोकडे किंवा शब्दकोशांत, नावांच्या याद्यांत सापडणारे निघाले. पुढे युनिक्सच्या बीएसडी आवृत्तीच्या जुन्या फायलींमध्ये त्या काळच्या दिग्गजांचे हॅश सापडले. स्टीफन बोर्न यांचा पासवर्ड त्यांचंच आडनाव होतं. डेनिस मॅकॅलिस्टर रिची यांचा 'dmac', त्यांच्या नावाचाच तुकडा. थॉम्पसन यांचा मात्र कोणत्याच यादीला दाद देईना. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये एका ग्राफिक्स कार्डाने सेकंदाला सुमारे ९३ कोटी अंदाज करत, चार दिवसांहून जास्त काळ घेऊन तो शोधला: 'p/q2-q4!'. बुद्धिबळातली चाल आहे ती, वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. ती व्यवस्था आठच अक्षरं विचारात घ्यायची, त्यामुळे याहून लांब पासवर्डाचा उपयोगच नव्हता. आज तशी मर्यादा क्वचितच असते, आणि तिचा फायदा घ्यायला हवा.

त्यासाठी मला सर्वांत आवडणारी रीत म्हणजे डाइसवेअर. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ती १९९५मध्ये मांडली. ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची, पाच वेळा फासा टाकायचा आणि येईल त्या आकड्यापुढचा शब्द उचलायचा. असे सहा शब्द. यादी फोडणाऱ्याला तोंडपाठ असली, सेवा एमडी५ वापरत असली, तरीही वर सांगितलेल्या कार्डाला सगळ्या जुळण्या तपासायला ४० हजारांवर वर्षं लागतील. शब्द मराठी असले तरी चालतील, मात्र निवड फाशानेच व्हायला हवी. आवडती ओवी किंवा म्हण घेतली की निवड पुन्हा मनाची झाली, आणि मनाचे कल तर फोडणाऱ्याला चांगले ठाऊक आहेत.

उरलेल्या डझनावारी खात्यांसाठी पासवर्ड मॅनेजर वापरावा. तो प्रत्येक खात्याला वेगळा, यदृच्छ पासवर्ड बनवून लक्षात ठेवतो. फाशाने काढलेले सहा शब्द या मॅनेजरला लावा. खाती बदलायला घ्याल तेव्हा सुरुवात ईमेलपासून करा, आणि तिथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणीही चालू करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?'चे दुवे त्याच पेटीत येतात.