मार्टाइट: आकार एकाचा, द्रव्य दुसऱ्याचे

मेक्सिकोतल्या दुरांगो शहराला लागून ‘सेर्रो दे मेर्कादो’ नावाचा लोखंडाचा डोंगर आहे. स्पॅनिशमध्ये मेर्कादो म्हणजे बाजार, पण इथे ते आडनाव आहे. चांदीच्या डोंगराची वदंता ऐकून हिनेस वास्केस दे मेर्कादो १५५२ साली इथवर आला आणि त्याला सापडले ते लोहखनिज.

हा साठा ज्वालामुखीच्या खडकांत आहे. लोहाने भरलेला शिलारसच वर आला, की तापलेल्या द्रावांनी आणि वायूंनी लोह आणून सोडले, यावर भूवैज्ञानिकांचा वाद अजून मिटलेला नाही.

संग्राहक इथे शोधतात ते मार्टाइटचे काळे, आठ पैलूंचे स्फटिक. दोन चौकोनी पिरॅमिड तळाशी जोडावेत तसा त्यांचा आकार. मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट ही दोन्ही लोहाची खनिजे, आणि हा आकार मॅग्नेटाइटचा. हेमॅटाइटचे स्वतःचे स्फटिक बहुधा चपटे, पत्र्यासारखे असतात. पण बिनचकाकीच्या फरशीच्या पाठीवर मार्टाइट घासून पाहा. मॅग्नेटाइटची रेघ काळी उमटली असती; इथे उमटते तांबडी, थेट गेरूच्या रंगाची. गेरूचा रंगही हेमॅटाइटचाच. म्हणजे स्फटिक जन्मला मॅग्नेटाइट म्हणून, नंतर त्यातल्या लोहाचे आणखी ऑक्सिडीकरण झाले आणि आतले द्रव्य बदलले, पण पैलू जागच्या जागी राहिले. चुंबक त्याला फारसा ओढत नाही. जोरात ओढला, तर पोटात थोडा मॅग्नेटाइट अजून शिल्लक आहे असे समजावे. दगडातला बदल इतका उघड दाखवणारा दुसरा नमुना मला तरी ठाऊक नाही.

त्याच डोंगरातल्या खाणीत ॲपेटाइट हे पिवळे, पारदर्शक फॉस्फेट खनिजही मिळते. त्याचे वय सुमारे ३ कोटी १४ लाख वर्षे. ते इतके नेमके ठरले आहे, की खडकांचे वय काढणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा आपली मोजमापे त्यावर पडताळून पाहतात.

म्हणून नमुना उचलताना घाई नको. मालकाची परवानगी घ्यावी, जुन्या खाणीच्या सुटलेल्या कड्याखाली उभे राहू नये. स्फटिक मूळ खडकासकट मिळाला तर तसाच ठेवावा; सोबत काय वाढले होते ते त्यावरूनच कळते. आम्लाने धुऊ नये, ॲपेटाइट त्यात विरघळते. पाणी आणि मऊ ब्रश पुरे. कागदात गुंडाळण्याआधी तिथेच चिठ्ठी लिहावी: खाण, नेमकी जागा, तारीख. घरी आल्यावर दोन काळे स्फटिक शेजारी ठेवले, की कोणता कुठला हे आठवत नाही.