‘अँटीव्हायरस उगाच ओरडतो’

भाच्याने विकतचा गेम टॉरेंटवरून फुकटात उतरवला, परवान्याची तपासणी मोडून काढलेला, म्हणजे ‘क्रॅक’ केलेला. सोबतच्या टेक्स्ट फाइलमधली पहिलीच सूचना: आधी अँटीव्हायरस बंद करा. मी टोकलं, तर म्हणाला, “मामा, क्रॅक म्हटलं की तो ओरडतोच. उगाच असतं ते.”

गंमत म्हणजे त्याचं निम्मं खरं होतं.

विकतचा गेम सुरू होताना परवाना तपासतो. क्रॅक करणारा ती तपासणी हुडकून तिथले बाइट बदलतो, नाहीतर परवाना तपासणाऱ्या डीएलएल फाइलच्या (गेम गरजेला वापरतो ती जोड-फाइल) जागी तोतया डीएलएल बसवतो. ही तोतया प्रत्येक प्रश्नाला ‘हो, विकत घेतलाय’ एवढंच उत्तर देते. एक बाइट जरी बदलला तरी फाइलवरची कंपनीची डिजिटल सही जुळत नाही. शिवाय आपली कारागिरी लपवायला क्रॅक करणारा कोड सहज वाचता येणार नाही असा गुंडाळून ठेवतो. आता व्हायरस काय वेगळं करतो? त्यामुळे निरुपद्रवी क्रॅकवरही अँटीव्हायरस ओरडू शकतो आणि विषारी क्रॅकवरही. ‘लांडगा आला रे’ म्हणणाऱ्या पोराला इथे लांडगाच गप्प करायला सांगतो.

याचा सुरेख (हो, सुरेखच) नमुना म्हणजे क्रॅकोनॉश. अवास्ट कंपनीने २०२१ मध्ये तो उजेडात आणला. लोकप्रिय गेमच्या क्रॅक केलेल्या प्रतींमधून तो २,२२,००० हून जास्त संगणकांत शिरला होता. शिरल्यावर तो लगेच काही करत नाही. संगणक किती वेळा सुरू झाला ते मोजत बसतो. सातव्या किंवा दहाव्या खेपेला तो विंडोजला पुढच्या वेळी ‘सेफ मोड’मध्ये उठायला लावतो. सेफ मोड ही दुरुस्तीची सोय. तिथे अगदी गरजेचे ड्रायव्हर आणि सेवाच सुरू होतात, बाकीचे झोपलेले. त्या झोपलेल्यांत अँटीव्हायरसही आला. मात्र सेफ मोडमध्ये कोणाला उठवायचं याची यादी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, असते आणि क्रॅकोनॉशने तीत आपलं नाव आधीच घातलेलं असतं. पहारेकरी झोपलेला, चोर जागा. तो अँटीव्हायरसच्या फाइली पुसतो, विंडोजचे अपडेट थांबवतो आणि विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या जागी कोपऱ्यात हिरव्या खुणेचं खोटं चिन्ह ठेवतो. आपण ते बघून निश्चिंत!

पुढे मोनेरो या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे संगणकाला आकडेमोडीला जुंपून नवी नाणी मिळवणं. मोनेरोची रँडमएक्स ही पद्धत साध्या प्रोसेसरला सोयीची पडेल अशी मुद्दाम बेतलेली आहे, आणि गेम खेळणाऱ्याकडे प्रोसेसर तगडाच असतो. क्रॅकोनॉशवाल्यांनी २० लाख डॉलरहून जास्त कमावले. वीजबिल खेळणाऱ्यांचं.

“पण हजारोंनी उतरवलाय, सगळे म्हणतात चालतो.” चालणारच. गेम चालला नाही तर तुम्ही तो काढून टाकाल, मग मायनरचं कसं व्हायचं? टॉरेंट (फाइल तुकड्यातुकड्यांनी एकमेकांकडून उतरवायची पद्धत) प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याचा आकडी ठसा, तपासतं हे खरं, पण त्यातून एवढंच कळतं की ठेवणाऱ्याने ठेवलं तेच तुम्हाला मिळालं. त्याने विष ठेवलं असेल तर तेही निर्भेळ मिळतं. डाउनलोडच्या आकड्यावर श्रद्धा ठेवणं मला तरी ताईत बांधण्यासारखंच वाटतं. उलट बाजूने, प्रत्येक चोरीची प्रत म्हणजे बुडालेली विक्री, हा कंपन्यांचा हिशेबही तितकाच फुगवलेला. फुकट घेणारा प्रत्येक जण विकत घेणार होता थोडाच!

कायद्याचं थोडक्यात. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानुसार संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच कॉपीराइटचं संरक्षण आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या करारानुसार सदस्य देशांना संरक्षणाची कुलपं फोडण्याविरुद्धही कायदा करावा लागतो. अनेक देशांत नुसतं उतरवण्यापेक्षा वाटणं जास्त गंभीर धरतात. आणि टॉरेंटमध्ये उतरवता उतरवता तुमच्याकडे आलेले तुकडे इतरांना जात असतात. तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) त्या घोळक्यातल्या कोणालाही दिसतो, आणि त्यात हक्कधारकाचा माणूसही असू शकतो.

भाच्याला टॉरेंटची खिडकी उघडायला लावली. उतरवले ४१ जीबी, पाठवले १७ जीबी.

“पण मी कुणाला दिलाच नाही,” तो म्हणाला.